नवा दोर

या, असे जवळ सरा. मागच्या भिंतीला टेकून ऐकलेली गोष्ट कानातच राहते, आत उतरत नाही. गोष्ट समुद्राची आहे आणि जिथून समुद्र कुठूनच दिसत नाही अशा मुलखातली आहे. रागाची आहे, तेव्हा गोड करून सांगता यायची नाही. पण शेवटपर्यंत बसलात तर उठताना एक नाव पदरात पडेल, एवढा शब्द आहे.

तर चंद्रपुरात, महाकालीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका फुलांच्या दुकानासमोर सकाळी नऊच्या सुमारास शालिकराम भानारकर उभा होता आणि त्याला सगळ्याचाच राग येत होता. झेंडूवर बसलेल्या कोळशाच्या बारीक काजळीचा, कॉलेजनं जिथे उतरवलं त्या लॉजमधल्या गळक्या नळाचा, अकरा वाजता होणाऱ्या स्वतःच्या सत्काराचा. समुद्रकाठच्या मोठ्या संस्थेतला तो मोठा शास्त्रज्ञ. आकडेमोडीच्या यंत्रात समुद्र उभा करायचा, वारा सोडायचा, ऊन पाडायचं आणि पाणी काय करील ते सांगायचं, हे त्याचं तीस वर्षांचं काम. वय अठ्ठावन्न. सत्कार उरकला की चामोर्शीकडे, आपल्या गावी जाऊन यावं, बाच्या फोटोला हार घालावा आणि संध्याकाळच्या आत परत फिरावं, असं त्यानं ठरवलं होतं. बहीण तिथेच राहायची. तिच्याकडे किती वेळ बसावं लागेल याचाही त्याला आधीच राग आला होता. दुकानातली पोरगेली बाई, लोक तिला रीना म्हणत होते, दोऱ्यात ओवलेला लांबच लांब हार कोपरापासून बोटापर्यंत लावून मोजत होती. एक हात, दोन हात. पुढे उभी असलेली एक म्हातारी भांडायला लागली. “का वो, दोन हात मंते आन् फोटोले पुरत नाई. परवा तुया सासूनं मोजून देल्ला, त फोटोच्या खाली लोंबत होता.” रीना हार कापताकापता म्हणाली, “मंग सासूलेच बोलाव ना. तिचा हात तिच्यापाशी, माया हात मायापाशी. माया हात एवढाच हाय, मी का त्याले वढून लंबा करू?” म्हातारी म्हणाली, “हात बारका असन त तीन हात दे.” दोघी हसल्या. शालिकराम हसला नाही. त्याला एकाएकी काहीतरी उमगलं, जसं बसमध्ये डुलकी लागलेल्या माणसाला आपला थांबा मागे गेल्याचं कळतं. त्यानं हार घेतला की नाही, पैसे दिले की नाही, हे त्याला नंतर कधी आठवलं नाही. एक भिजलेला काथ्याचा दोर मात्र त्याला दिसला. दोराला गाठी. प्रत्येक गाठीशी थांबलेला, चिखलानं काळा पडलेला, बारीक मनगटाचा एक हात.

त्या हाताकडे पुन्हा बघायचं नाही असं ठरवून त्यानं अठ्ठावीस वर्षं काढली होती, हे त्याला रस्त्यावरच कळलं. तो तेव्हा विद्यार्थी होता. वारा वाहिला की पाण्याचा वरचा तापलेला थर खालच्या गार पाण्यात मिसळतो. किती खोलवर मिसळतो, याचं सूत्र त्याला बांधायचं होतं. समुद्रावर जाऊन रोज मोजायला जहाज कोण देणार? मग त्याला गावचा तलाव आठवला. वारा तोच, ऊन तेच, पाणी तेच. फक्त काठ जवळ. भानारकर पिढ्यानपिढ्या त्या तलावात मासे धरणारे. बा लाकडी डोंग्यात बसून नुसता पाय पाण्यात घालून सांगायचा, आज मासा वर आहे की खाली. शालिकरामनं दोर आणला, मीटरपट्टीनं मोजून पंचेचाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरवर आठ गाठी मारल्या. पंचेचाळीस अशासाठी की बाचा हात बरोबर तेवढा भरत होता आणि घरच्या माणसाला समजायला सोपं. दोराच्या टोकाला दगड आणि बूच लावलेली बाटली. तलावातल्या खोल डोहाच्या कडेला, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून बाटली गाठीपर्यंत सोडायची, दुसऱ्या सुतळीनं बूच ओढायचं, भरली की वर घ्यायची, थर्मामीटर घालून आकडा वहीत लिहायचा. रोज सकाळी आणि रोज दुपारी. हे करणार कोण? प्रेमिला. त्याची दोन वर्षांनी मोठी बहीण, नवरा वारल्यावर वर्षाच्या भूपेशला काखेत घेऊन माहेरी आलेली. तिला लिहिता येत होतं, पोहता येत होतं आणि तिला नाही म्हणायला जागा नव्हती. तो तिला चार दिवस शिकवून गेला. तिनं ते तीन वर्षं केलं. गावानं तिला हसून घेतलं. तलावाले ताप आला काय, डाक्टरीनबाई, गोळी देल्ली का? पाण्याची नाडी पाह्यते, नवऱ्याची पाह्यली असती त! हे तिनं पत्रात कधी लिहिलं नाही. त्याला हे बानं सांगितलं होतं, हसत, आणि तोही हसला होता.

वहीतल्या एकेचाळिसाव्या दिवशी, तारखेच्या बाजूला, तिच्या उभ्या काटकुळ्या अक्षरात दोन शब्द होते: “नवा दोर”. ते त्यानं वाचले होते. हेच, हेच आठवायचं नव्हतं. ते वाचले होते आणि त्या दिवसापासून आकडे एकदम सरकलेलेही पाहिले होते, जणू तलाव एका सकाळीत खोल झाला. तेव्हा त्यानं काय केलं? आधीचे चाळीस दिवस वगळले. पुढचे हजारावर दिवस एका सुरात होते, आणि हजारांपुढे चाळिसांचं कोण ऐकतो. लेखात कारण लिहिलं. ते वाक्य त्याला आजही पाठ होतं: सुरुवातीचे चाळीस दिवस मोजणारी व्यक्ती नवशिकी असल्यामुळे वगळले आहेत. साऱ्या लेखात प्रेमिला आली ती एवढीच. नवशिकी व्यक्ती.

सत्काराला सभागृह अर्धं भरलं होतं आणि पंखे पूर्ण. प्रफुल नावाचे प्राध्यापक परिचय करून द्यायला उठले, कागद डोळ्यांपासून लांब धरून, एखाद्या वराचं शिक्षण सांगावं तसे वाचू लागले. एकशे बेचाळीस शोधनिबंध. नऊ हजार तीनशे उद्धरणं. टाळ्या. “उद्धरण म्हणजे काय, विद्यार्थ्यांनो? जगातल्या दुसऱ्या शास्त्रज्ञानं आपल्या लेखात सरांचं नाव घेणं. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या या सुपुत्राचं नाव जगानं नऊ हजार तीनशे वेळा घेतलं!” पुन्हा टाळ्या. एच-निर्देशांक सत्तेचाळीस, म्हणजे सत्तेचाळीस लेख असे, की प्रत्येकाचं नाव निदान सत्तेचाळीस जणांनी घेतलं. टाळ्या वाजवणाऱ्यांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि शालिकरामला त्यांचा तिरस्कार वाटत होता. आपल्याला सगळं कळतं याचा त्याहून जास्त. त्या नऊ हजारांपैकी सत्तावीसशे एकट्या तलावाच्या लेखाची. आणि गंमत अशी, विषासारखी गंमत, की त्यातली कितीतरी उद्धरणं भांडणाची होती. त्याचं सूत्र समुद्रात नीट बसत नव्हतं. सूत्र थर जितका खोल दाखवायचं, त्यापेक्षा खरा थर आठवा हिस्सा वरच सापडायचा. बंगालच्या उपसागरात आठवा हिस्सा, अरबी समुद्रात आठवा हिस्सा. दूरदेशीच्या लोकांनी त्या तफावतीला नाव दिलं होतं, भानारकर-फरक. कुणी म्हणालं, नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे. कुणी म्हणालं, लाटांमुळे. तिघाचौघांनी त्यावर पीएचडी केली. परिषदांत लोक त्याला गाठून विचारायचे आणि तो गूढ हसून म्हणायचा, निसर्ग आपलं सगळंच सांगत नाही. खुर्चीत बसल्याबसल्या, गळ्यात शाल आणि मांडीवर नारळ घेऊन, त्यानं मनात भागाकार केला. पंचेचाळिसातून आठवा हिस्सा वजा. एकोणचाळीस आणि वर थोडं. एवढ्या लांबीचा हात असलेली बाई त्याला ठाऊक होती. निसर्गानं सगळं सांगितलं होतं, वहीत, तारखेच्या बाजूला.

तो बोलायला उठला तेव्हा काय बोलला हे सांगण्यासारखं नाही. एका मुलीनं, पायल असं काहीतरी नाव सांगून, विचारलं, “सर, एवढ्या लोकांनी तुमचं नाव घेतलं, तुम्ही कोणाचं नाव घेतलं?” मुलीच्या मनात काही वाकडं नव्हतं. ती गुरूंचं नाव ऐकायला उत्सुक होती. शालिकरामनं एका परदेशी प्राध्यापकाचं नाव सांगितलं, पाणी प्यायला आणि खाली बसताना त्या मुलीकडे असं पाहिलं की ती पुढचा प्रश्न विसरली.

भूपेश गाडी घेऊन दारात उभा होता. काखेत असलेला तो भूपेश आता तिशीचा, भाड्यानं गाडी चालवणारा, तोंडात सुपारी. मागच्या रांगेत उभं राहून त्यानं सगळं ऐकलं होतं. गोंडपिपरीच्या रस्त्याला लागल्यावर तो आरशातून बघत म्हणाला, “मामाजी, तुमचा समुद्र का मंते?”

“काही म्हणत नाही.”

“मंग नऊ हजार लोक का आयकून राह्यले?”

शालिकरामनं काच वर केली. दोन्ही बाजूंनी पळस फुलायला लागला होता आणि तोही त्याला आपल्यावर हसल्यासारखा वाटला. या पोराच्या आवाजात बहिणीचा आवाज होता. ती तशीच बोलायची, विचारल्यासारखं करून ठेचायची. त्याला वाटलं, परत फिरावं. कोणाला काय कळणार आहे? फरक आठव्या हिश्शाचा. समुद्र आपल्या जागी आहे. आपली निवृत्ती दोन वर्षांवर, पुढच्या महिन्यात दिल्लीच्या मोठ्या पुरस्काराची बैठक, त्यात आपलं नाव, आणि तेही याच लेखासाठी. दुरुस्ती छापली की पुरस्कार गेला. भानारकर-फरक हे नाव थट्टेत निघेल. हजारो लेखांच्या तळाशी असलेलं आपलं नाव लोक पुसणार नाहीत, पण ते घेताना हसतील. आणि दुरुस्ती लिहायची म्हणजे लांबी लिहावी लागेल, लांबी कशाची ते लिहावं लागेल, हात कोणाचा ते लिहावं लागेल. आष्टीच्या पुलावर वैनगंगा लागली. पाणी वाळूतून वाट काढत दोन-तीन धारांनी चाललं होतं. बा या पुलावर आला की हात जोडायचा. शालिकरामचे हात मांडीवर तसेच राहिले.

बा कीर्तनाचा वेडा. मार्कंड्याच्या जत्रेत, चामोर्शीच्या बाजारचौकात, कुठेही टाळ वाजला की मासे टोपलीत ठेवून हा बसणार. शालिकरामला मांडीवर घेऊन. पोराला अर्थ कळायचा नाही, पण एक कळायचं, की अभंग संपत आला की बुवा थांबतो, टाळकरी थांबतात, आणि शेवटच्या चरणात ज्याचा अभंग त्या संताचं नाव येतं. ते नाव आलं की बा डोळे मिटायचा. एकदा बाहेरगावचा एक बुवा आला होता, गळ्यानं देखणा. त्यानं अभंग गाइला, आळवला, लोकांना रडवलं आणि शेवटचा चरण गाळून सरळ आपल्या निरूपणाला लागला. भर सभेत बा उभा राहिला. अंगात बनियन, पायाला चिखल. म्हणाला, “बुवा, पद लय गोड झालं. पन ज्यानं केलं त्याचं नाव कुठी ठेवलं?” बुवा म्हणाला, “अहो, वेळेअभावी.” बा म्हणाला, “नावाले वेळ नाई आन् बाकीच्याले हाय? ज्याचं पद त्याचं नाव, बुवा. नाव खाल्लं त पोट भरते, देव नाई भेटत.” लोकांनी त्याला ओढून खाली बसवलं. सात वर्षांच्या शालिकला लाजेनं मरण आलं होतं. आज गाडीत, काचा बंद, थंड हवा सोडलेली, आणि ती लाज पन्नास वर्षांनी बाजू बदलून पुन्हा अंगावर आली. नाव खाल्लं. सत्तावीसशे वेळा जेवलो.

दुपारी दोनच्या सुमारास ते गावात पोचले. प्रेमिला अंगणात जाळं शिवत बसली होती. साठीची बाई, केस अर्धे पांढरे, पाय लांब केलेले, अंगठ्यात जाळ्याचं टोक अडकवलेलं. तिनं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा जाळ्यात घातली. भूपेशनं खाट टाकली. तीच चहा करायला उठली, कप आणून समोर ठेवला आणि परत आपल्या जागी जाऊन बसली. भावाच्या समोर नाही, बाजूला तोंड करून.

“हार नाई आणला बाले?” ती म्हणाली.

त्याच्या लक्षात आलं. “विसरलो, बाई.” मोठ्या बहिणीला तो बाईच म्हणायचा.

“शाल त हाय गळ्यात. ते घाल.”

त्यानं शाल काढून खाटेवर ठेवली. बोलायला सुरुवात कुठून करावी हे त्याला सुचेना, म्हणून त्यानं शास्त्रज्ञासारखी सुरुवात केली. मोजमापात एक त्रुटी आढळली आहे, तिचा उगम शोधायचा आहे, त्या काळातल्या दोराविषयी काही माहिती हवी आहे. प्रेमिलाची सुई थांबली नाही. “पुस्तकी नोको बोलू,” ती म्हणाली. “मले उन्हात आयकू नाई येत.”

“दोर काऊन बदलला होता, बाई?” तोंडातून तो गावचा ‘काऊन’ आपसूक निघाला, तीस वर्षांत न निघालेला.

आता तिची सुई थांबली. “म्हशीच्या पायात गुतला आन् तुटला. अर्धा तलावात गेला, बाटली गेली. मी बुडी मारून बाटली काढली, दोर नाई भेटला. दुसऱ्या दिशी बाच्या जाळ्याचा दोर घेतला, आठ गाठी मारल्या. वहीत लिवलं होतं मी.”

“गाठी कशानं मोजल्या?”

“कशानं मोजते? हातानं.” तिनं कोपर वाकवून दाखवलं, कोपर ते मधलं बोट, आणि लगेच हात पदराखाली घेतला, जसा विंचू दिसल्यावर घेतात. “मीटरपट्टी तू घेऊन गेला होता. संस्थेची हाय, सही करून आणली, वापस द्या लागते, म्हून. मी मांगली होती तुले. तू मनला, गाठी त मारून देल्ल्या, आता तुले पट्टी कायले पायजे?”

हे त्याला आठवत नव्हतं. मग आठवलं. पिवळी, गोल डबीत गुंडाळणारी पट्टी. भूपेश तिच्याशी खेळत होता. त्यानं पोराच्या हातातून ती घेतली होती आणि पोर रडलं होतं. मग त्यानं सगळं सांगितलं, या वेळी साध्या भाषेत. तिचा हात बाच्या हातापेक्षा बारका. गाठी जवळजवळ पडल्या. त्यानं त्या बाच्या हाताच्या धरल्या. तलाव होता त्याहून खोल झाला, सूत्र चुकलं, जग तीस वर्षं फरक शोधत बसलं. चाळीस दिवस खरे होते, ते त्यानं टाकून दिले. नवशिकी हा शब्दही त्यानं सांगितला. का सांगितला ते त्याला कळलं नाही. मार खायचाच असेल तर पुरा खावा, असं काहीतरी असेल. कामाच्या सवयीनं नेहमी खिशात असायची ती पट्टी काढली, सरळ केली. “तुझा हात मोजायचा आहे. दुरुस्ती छापायला द्यायची आहे. त्यात तुझं नाव येईल, बाई.”

प्रेमिला हसली. ते हसू ऐकून भूपेश गाडी पुसायचा थांबला. “येईल मंते! आयक रे भूपेश, नाव येईल मंते मायं. बरोबर होतं तवा त कोनाचं होतं? तुया मामाचं. आता चुकलं, त बहीन आठवली. तीन सालं मी छातीएवढ्या पान्यात उभी राह्यली. पोरगं काठावर झाडाले बांधून ठेवत होती मी, बकरीवानी. लोकं मले तलावाची डाक्टरीन मनत. तवा नाई आठवलं नाव. वह्या नेल्या, मंग त तुयं पत्र बी नाई आलं. छापलं का, फेकलं का, मले का मालूम? आन् आता मंते हात दे. नाई देत, जा.”

“बाई, चूक—”

“कोनाची चूक?” ती उठली. जाळं अंगठ्यातून सुटलं. “माया हात चुकला? माया हात माया हाताएवढा हाय, शालिक. जनमापासून तेवढाच हाय. तो नाई चुकला. तू त्याले बाचा हात समजला. मी वहीत लिवलं, नवा दोर. तू वाचलं ना? वाचलं का नाई, सांग!”

“वाचलं,” तो म्हणाला.

“आन् इचारलं नाई.”

“नाई इचारलं.”

कोंबड्या कुडाच्या बाजूला माती उकरत होत्या. तळ्यावरून वारा आला, गार नाही, नुसता ओला. त्याला वाटलं, आता ती रडेल, किंवा आपण रडू आणि सगळं सोपं होईल. कोणी रडलं नाही. तिच्या चेहऱ्यावर तीस वर्षांचा राग तसाच होता, तो काही उत्तर मिळालं म्हणून उठून जाणारा नव्हता. तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हा विचार त्यानं आयुष्यात पहिल्यांदा केला आणि तो अर्ध्यावरच सोडला, कारण उत्तर दिसायला लागलं होतं. ती हात देणार नाही. हात दिला नाही तर दुरुस्ती होणार नाही. आणि त्याच्या आत, लाजेच्या खाली, एक बारीक आवाज खुश होऊन म्हणत होता, चला, सुटलो. आपण विचारलं, तिनं नकार दिला. पुरस्कार शिल्लक. त्या आवाजाची त्याला जेवढी घृणा आली तेवढी त्या दिवशी कोणाचीच आली नव्हती.

त्यानं फोन काढला आणि खाटेवर बसूनच लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहिलेलं वाक्य मोठ्यानं मराठीत वाचलं. “या लेखातली सर्व मोजमापं सलग तीन वर्षं माझ्या बहिणीनं घेतली. ती बरोबर आहेत. चूक माझी आहे: तिच्या हाताची लांबी मी विचारली नाही.” पुढचं वाचलं. “जे पहिले चाळीस दिवस मी वगळले, ते बरोबर होते. नवशिका मी होतो.” तो थांबला. “लांबीची जागा रिकामी आहे. हात नाही देल्ला तरी हे एवढं मी पाठवतो.”

प्रेमिला जवळ आली. बांगड्या भरायला बायका बसतात तशी, तोंड पलीकडे करून, उजवा हात पुढे केला. “डाव्यानं दोर धरत होती, उजव्यानं मोजत होती. उजवा माप.” त्यानं पट्टी लावली. कोपराला जाळ्याच्या दोऱ्यांचे वळ होते, मनगट अजून बारीक, बोटं सरळ होत नव्हती, त्यानं ती एकेक करून सरळ केली. एवढ्या वर्षांत त्यानं बहिणीच्या हाताला हात लावला नव्हता. एकोणचाळीस पूर्णांक पाच. सकाळी नारळ मांडीवर ठेवून केलेला भागाकार. सातासमुद्रापारच्या माणसांनी आयुष्यं घालवून शोधलेला फरक त्या अंगणात, चिखलाच्या वासाचा, त्याच्या तळहातावर पडून होता. तिनं हात झटकन मागे घेतला. “झालं? पाय बी मापतं का?” भूपेश हसला. ती नाही हसली.

“नाव कसं लिहू, बाई? भानारकर की सासरचं?”

“सासरच्यायनं तलाव नाई पाह्यला,” ती जाळं उचलत म्हणाली. “माहेरच्यायनं मले नाई पाह्यलं. नुसतं प्रेमिला लिव.”

लेख छापणाऱ्या मासिकाच्या फॉर्ममध्ये सहलेखकासाठी दोन रकाने होते, नाव आणि आडनाव. आडनावाचा रकाना रिकामा ठेवला की लाल अक्षरं यायची, पुढे जाता यायचं नाही. त्यानं दोनदा प्रयत्न केला. मग दोन्ही रकान्यांत एकच लिहिलं. प्रेमिला प्रेमिला. यंत्रानं ते घेतलं. पाठवलं. तिनं विचारलं नाही आणि जेवायला थांब म्हटलं नाही. तो उठला तेव्हा ती म्हणाली, “ती पट्टी ठेवून जा.” त्यानं ठेवली.

पुरस्कार दुसऱ्याला मिळाला. दुरुस्ती छापून आली, अर्धं पान. ज्यांनी फरकावर पीएचडी केली होती त्यांतल्या एकानं संतापून पत्र लिहिलं, एकानं थट्टा केली, आणि बाकीच्यांनी गुपचूप सूत्रात एक आकडा बदलला. आता समुद्रावरचे नवे लेख येतात, त्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत ते दुहेरी नाव असतं आणि दूरदेशीचे लोक समजतात की या बाईचं आडनावच तसं असेल. बहीण-भावाचं बोलणं अजून धड होत नाही, ते होईलसं वाटतही नाही. बाच्या फोटोला हार मात्र चंद्रपूरच्या फुलवाल्या रीनाकडून येतो, तीन हात.

झालं, बाप्पा. उठा, कपडे झाडा, घरी जा. शालिकरामला विसरलात तरी चालेल, त्याचं नाव घेणारे नऊ हजार आहेत. पण कधी कुठे समुद्र पाहिलात, वरचं पाणी कोमट लागलं आणि पाय खाली जाताना एकदम गार झालं, तर त्या ठिकाणी क्षणभर थांबा आणि छातीएवढ्या पाण्यात दोर धरून उभ्या असलेल्या प्रेमिलाचं नाव घ्या. शेवटचा चरण तिचा आहे.